चित्रांच्या पाठी कोऱ्या का?

चि. चित्रकारास अनेक आशीर्वाद,

तुझी सात चित्रं पोचली. टेबलावर मांडली आणि आधी सगळी उलटी करून पाहिली. सातही पाठी कोऱ्या! ना तारीख, ना वेळ, ना वाऱ्याचा पत्ता. मग सुलटी केली, तेव्हा कारण कळलं. सकाळ असो की संध्याकाळ, सातही चित्रांतला समुद्र एकाच निळ्याचा आहे, आणि तो निळा पाण्यातून नाही, ट्यूबमधून आलाय. रागावू नकोस. माझी सुरुवातीची दोन वर्षं याच निळ्यात बुडाली.

तू विचारलं आहेस, लाट थांबतच नाही, मग तिला काढायचं कसं? अरे, कुणासाठीच थांबत नाही ती. तुझी नजर लाटेवरून कागदावर येईपर्यंत लाट फुटून गेलेली असते. म्हणजे समुद्रासमोर बसून काढलेलं चित्रही आठवणीतूनच काढलेलं असतं. आठवण तीन सेकंदांची, एवढंच. त्यामुळे ब्रश चालवण्याआधी आठवायला काहीतरी साठवावं लागतं. पहिला अर्धा तास ब्रश पिशवीतच राहू दे. पाण्यातली एक जागा निवड आणि फक्त तिच्याकडे पाहत बस. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या जवळपास आली की लाट फुटते, आणि तळ काही दर मिनिटाला बदलत नाही. म्हणून दहा-पंधरा लाटा त्याच ठिकाणी, जवळजवळ त्याच तऱ्हेने कोसळताना दिसतील. तुला एखादी लाट पकडायची नाहीये, त्या जागेची खोड पकडायची आहे.

आणि पाहायचं काय, तेही सांगते. फुटण्याच्या जरासं आधी माथ्यापाशी पाणी पातळ होतं. उजेड मागून असेल तर तो तिथून आरपार येतो आणि बाटलीच्या काचेसारखा हिरवा तुकडा चमकतो, पुरता सेकंदभरही नाही. त्याच्याखाली लाटेचं पोट काळपट. आधीच्या लाटेचा फेस त्या पोटावरून वर ओढला जात असतो. त्या फेसाची जाळी नीट बघ. सपाट पाण्यावर तिची भोकं आडवी चेपलेली दिसतात, लाटेच्या अंगावर चढली की उभी ताणली जातात. तू सगळीकडे गोल भोकं काढली आहेस, म्हणून तुझ्या लाटा पडद्यावर छापलेल्या वाटतात. फेसही पांढरा म्हणून पांढरा ठेवू नकोस. सावलीतला फेस चांगलाच करडा असतो. कागदाचा कोरा पांढरा फक्त ऊन पडलेल्या दोन-चार ठिकाणांसाठी राखून ठेव.

आता त्या निळ्याबद्दल. पाण्याचा स्वतःचा रंग थोडा, उसना फार. पायाशी सरळ खाली पाहिलंस तर पाणी जेमतेम दोन टक्के उजेड परत पाठवतं, म्हणून तिथं तळ दिसतो: वाळू, खडक, शेवाळ. नजर जितकी दूर आणि तिरकी जाते तितकं आकाश वाढत जातं. पण क्षितिजापर्यंत पोचून तिथं आकाशाचाच खालचा पट्टा उतरवू नकोस. लाटांचे उतार तुझ्याकडे कललेले असतात आणि ते बरंच वरचं आकाश दाखवतात, त्यामुळे लांबचा समुद्र बहुतेक वेळा त्याच्यामागच्या आकाशापेक्षा गडद असतो. बहुतेक वेळा म्हणते आहे, नेहमी नाही. उगाच नियम करून ठेवू नकोस.

तिसऱ्या चित्रातली जेट्टी मला आवडली. तिचं प्रतिबिंब नाही आवडलं. तू जेट्टी उलटी करून खाली चिकटवली आहेस. प्रतिबिंब म्हणजे उलटी नक्कल नव्हे. पाण्याला खालून जे दिसतं ते. तुला फळ्यांची वरची बाजू दिसत होती, पाण्याला त्यांची खालची बाजू दिसते: आडवे वासे, काळोख, ओल. तिथला खांब तुझ्याकडे झुकलेला असेल तर पाण्यात तो लांब दिसेल, पलीकडे झुकलेला असेल तर आखूड. एक छोटी गोष्ट आणखी. गडद वस्तूचं प्रतिबिंब सहसा वस्तूपेक्षा थोडं उजळ असतं आणि उजळ वस्तूचं थोडं गडद. एवढं सांभाळलंस तरी पाणी ओलं दिसायला लागेल.

पाचव्या चित्रात क्षितिज एकाच रेषेत नाही, डावीकडे एक, उजवीकडे दुसरं. मला वाटतं अर्धं काम बसून केलंस आणि अर्धं उभ्याने. क्षितिज तुझ्या डोळ्यांच्या उंचीवर असतं. स्टुलावर बसल्यावर ते साधारण पावणेचार किलोमीटरवर, उभं राहिलास की साडेचारवर. होडी त्या रेषेच्या खाली की वर, हे तेवढ्यानेही बदलतं. काय ते एक ठरव, पाठ दुखली तरी.

सहाव्या चित्रातला सूर्य म्हणजे कागदाला पडलेलं भोक झालाय. फ्रेंच चित्रकार मोनेचं 1872 मधलं सूर्योदयाचं चित्र, ज्याच्या नावावरून ‘इम्प्रेशनिस्ट’ हा शब्द आला, त्याचा फोटो फोनवर काळा-पांढरा करून बघ. तो नारिंगी सूर्य जवळजवळ गायब होतो! आजूबाजूच्या ढगांइतकाच त्याचा टोन, म्हणजे उजळ-गडदपणा, आहे. तो पेटतो तो रंगामुळे. तुझंही चित्र तसंच काळं-पांढरं करून बघ, मग पुढचं मी बोलत नाही.

मोनेचाच विषय निघाला आहे तर ही गोष्ट ऐक. नोव्हेंबर 1885 मध्ये तो फ्रान्सच्या किनाऱ्यावर, एत्रताच्या कड्याखाली रंगवत होता. ओहोटी लागली आहे असं समजून कामात इतका गढला की मोठी लाट आलेली त्याला दिसलीच नाही. लाटेने त्याला कड्यावर आपटलं, ओढत नेलं, ईझल (चित्राची घोडी) आणि कॅनव्हास गेले, आणि हातातल्या पॅलेटचे रंग दाढीला फासले गेले. हे त्याने स्वतः पत्रात लिहिलंय. इतका अनुभवी माणूस, आणि भरतीच्या वेळेला फसला. मला त्याच्या नखाचीही सर नाही, पण खडकावर अडकण्यात मागे राहिले नाही. ढगाची कड जमत नव्हती म्हणून हट्टाने बसून राहिले आणि मागे वळले तर आलेली वाट गुडघाभर पाण्यात. बोर्ड डोक्यावर धरून परतले. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, सगळा ओघळला, ढग अर्थातच गेला. दोन भरतींमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं असतात, बहुतेक किनाऱ्यांवर. म्हणजे कालची वेळ आज चालत नाही, रोज पाऊण तासाहून जास्त पुढे सरकते. वेळापत्रक बघूनच खाली उतर. चित्र राहिलं तर राहू दे.

सामानाचं फार सांगत नाही. खाऱ्या दमट हवेत जलरंग वाळता वाळत नाही, म्हणून दोन बोर्ड ने आणि आलटून पालटून काम कर. ईझलला दगड बांध. चौथ्या चित्रात वाळूचे कण चिकटलेत, ते खरवडू नकोस. मोनेच्या 1870 मधल्या त्रूव्हिलच्या किनाऱ्याच्या चित्रात रंगात रुतलेले वाळूचे कण आजही सापडतात. (त्यामुळे तुझं आणि त्याचं चित्र सारखं ठरतं असं नाही हं.)

आता त्या कोऱ्या पाठींकडे येते. इंग्रज चित्रकार कॉन्स्टेबलने 1821-22 मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला ढगांचे अभ्यास केले, त्यांतल्या कितीतरींच्या मागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहिलेली आहे. फ्रेंच चित्रकार बूदँ तर आपल्या पेस्टलांच्या (रंगखडूच्या चित्रांच्या) कडेलाच दिवस, तास आणि वारा नोंदवायचा. ती नोंद हाताने झाकली तरी चित्रावरून ऋतू, वेळ आणि वारा ओळखता येतो म्हणून कवी बोदलेअरने 1859 मध्ये त्याचं कौतुक केलं होतं. ही माणसं हिशेब ठेवायला म्हणून लिहीत नव्हती. ‘दहा वाजले, ओहोटी, वारा डावीकडून’ असं लिहून ठेवलंस की तू एका वेळेला बांधला जातोस. अकरा वाजता ऊन फिरलं आणि पाणी मोहक हिरवं झालं, तरी हात तिकडे जात नाही. तुझ्या चित्रांत नेमकं हेच बिघडलंय: खडकांच्या सावल्या सकाळच्या, पाण्यावरची चमक दुपारची. प्रत्येक तुकडा त्या त्या वेळी खरा होता, एकत्र आले की खोटे. अकराचं पाणी हवंच असेल तर दुसरा कागद घे.

माझ्याकडे एक जुना कागद आहे, पुढून अगदीच सुमार. पाठीवर पेन्सिलीने लिहिलंय: ‘सहा चाळीस. भरती सुरू. वारा उजव्या गालावर. बोटं गारठली. पाणी आकाशाहून गडद, पण फक्त डावीकडे.’ मोठं चित्र मी त्या पाठीवरून केलं, पुढच्या बाजूकडे बघितलंही नाही.

दुसऱ्या चित्रात, उजव्या खडकाच्या मागे, बोटभर रुंदीची एक राखाडी पट्टी आहे. तिच्यात थोडा जांभळा उतरलाय, खालची कड ओली आणि वरची कोरडी. सातही चित्रांत मिळून एवढीच जागा तू पाहून रंगवलेली आहे, आणि ती अचूक आहे. मी ती बराच वेळ बघत बसले होते. तेव्हा किती वाजले होते? वारा कुठून होता? पाणी चढत होतं की उतरत? आठवत असेल तर आत्ताच त्या कागदाच्या मागे लिहून टाक म्हटलं असतं, पण कागद माझ्याकडे आहे. मला कळव, मी लिहिते.

तुझी,
बाई