रुंदीकरणाआधी तुटलेले रस्ते जोडा

प्रश्न असा आहे: पुणे शहर वाढतंय, रस्तेही होताहेत, मग धायरीसारख्या उपनगरात साधी भाजी आणायलाही मुख्य रस्त्यावर का यावं लागतं, आणि रुंदीकरणाने हे सुटेल का? थोडा आराम पडेल. पण मूळ दुखणं वेगळं आहे: आतले रस्ते एकमेकांना जोडलेलेच नाहीत.

जुन्या पेठांमध्ये तसं नाही. लक्ष्मी रस्ता तुंबला की माणूस कुमठेकर रस्त्याने निघतो. बोळ अरुंद असले तरी एकातून दुसरा निघतो. पुढे 1915 च्या नगररचना कायद्याखाली भांबुर्ड्यात, म्हणजे आजच्या शिवाजीनगरात, योजना झाली. अशा योजनेत सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरून आधी रस्ते आखतात, मग प्रत्येकाला नीट आकाराचा प्लॉट परत देतात. अहमदाबादने ही पद्धत जोमाने चालवली. महाराष्ट्राच्या 1966 च्या नगररचना कायद्यातही ती आहे, पण पुण्यात भर राहिला तो डीपीतल्या (विकास आराखड्यातल्या) मोठ्या रस्त्यांवर, आणि तेही भूसंपादनात अडकतात.

तोवर शेतं एकेका गटाने विकली जातात. लेआउट सातबाऱ्याच्या हद्दीपर्यंत, म्हणून आतला रस्ता बांधाशी संपतो. शेजारचा बिल्डर काही वर्षांनी येतो आणि त्याचं गेट भलतीकडेच काढतो. बांधाच्या जागी भिंत उभी राहते, वर काचा. मग भिंतीपलीकडच्या मैत्रिणीकडे जायलाही पोरांना मुख्य रस्त्याचा वळसा. 1997, 2017, 2021 असं करत गावं पालिकेत आली, तेव्हा बरंच बांधकाम आधीच उभं होतं.

सिंहगड रस्त्याला तर एका अंगाला मुठा, दुसऱ्या अंगाला कालवा आणि टेकड्या. माणिकबाग, हिंगणे, वडगाव, सगळ्यांचे फाटे त्याच रस्त्याला येऊन मिळतात. उड्डाणपुलाने लांब जाणाऱ्याची सोय होते; माणिकबागेतून हिंगण्याला जाणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

म्हणून रुंदीकरणावर सभा होईल तेव्हा त्याच्या जोडीने तुमच्या भागातल्या ‘मिसिंग लिंक’ची, म्हणजे मध्येच तुटलेल्या रस्त्यांच्या तुकड्यांची, यादी मागा. सोसायटीच्या मागच्या भिंतीत पायी जाण्यापुरतं दार काढता येतं का बघा. सुरक्षेचा मुद्दा निघेलच, आणि तो खराही आहे. रात्री कुलूप लावा. आणि भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गाव नकाशा काढाच. त्यात गाडीमार्ग तुटक दुबार रेषेने आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखवलेले असतात. अशी एखादी वाट तुमच्या दोन सोसायट्यांमधून जात असेल, तर तिच्यावर पत्रे ठोकले जाण्याआधी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.