मुलाला गेममध्ये खर्चायला दरमहा पैसे द्यावेत का?

तुम्ही विचारलंय की मुलगा १४ वर्षांचा आहे, गेममधल्या स्किन (म्हणजे पात्राचं किंवा बंदुकीचं दिसण्यापुरतं नवं रूप) आणि पेट्यांसाठी महिन्याला ५०० रुपये मागतो, सगळे मित्र घेतात असं म्हणतो, तर द्यावेत का. माझं उत्तर असं आहे. पैसे दिले की नेमकी तीच वस्तू मिळते अशी, किंमत लिहिलेली स्किन असेल तर वाढदिवसाला घेऊन द्या. पेटी, क्रेट, स्पिन, नाव काहीही असो, आत काय निघेल हे पैसे दिल्यावरच कळणार असेल तर एक रुपयासुद्धा नको.

पण मी लिहायला बसलो तो तुमच्या शेवटच्या वाक्यामुळे. तुम्ही लिहिलंय, ‘पैसे उडवले तर चूक शेवटी मुलाचीच ना?’ हेच वाक्य माझे दाजी बोलले होते आणि त्यावरून आमच्यात आजही धड बोलणं नाही.

मी सांगलीत एका सहकारी बँकेत काउंटरला असतो. गेल्या दिवाळीच्या आधी ताई दुकानाच्या खात्याचं पासबुक भरून घ्यायला आली. दाजींचं हार्डवेअरचं दुकान आहे, दिवसभर यूपीआयने पैसे येतात-जातात, त्यामुळे नोंदी भरपूर असणारच. पण प्रिंटरमधून पान बाहेर येत होतं तसतशा मला मधूनमधून एकाच नावाला पैसे गेल्याच्या नोंदी दिसायला लागल्या. ७९, १५९, ७९, ३९९, पुन्हा ७९. खिळे-स्क्रूच्या व्यापाऱ्याला असे आकडे कोण मागतो? ताईच्या हातातला फोन घेऊन अॅपमध्ये वेळ बघितली. रात्री बारा वाजून चौदा मिनिटं, बारा सोळा, बारा एकोणीस. तिथे उभ्याउभ्याच बेरीज केली तर आकडा ३८ हजारांच्या पुढे गेला. ताईचा चेहरा उतरला. भाचा नववीत. दाजींचा फोन त्यानेच सुरू करून दिलेला, पिन त्यानेच टाकलेला, दाजी तो अजूनही त्यालाच विचारतात.

संध्याकाळी घरी पोचलो तोवर दाजींनी पोराला मारून झालं होतं आणि सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘घरात चोर पाळलाय’ असं टाकूनही झालं होतं. मी पोराला बाजूला घेतलं आणि म्हटलं, मला गेम दाखव. रागावणार नाही, फक्त दाखव.

एका सोनेरी बंदुकीच्या मागे तो लागला होता. ती सुटी विकतच मिळत नाही, पेटीतूनच निघते. पेटी रुपयांत मिळत नाही, हिऱ्यांत मिळते. पेटीला ६० हिरे आणि हिऱ्यांचं पाकीट १०० चं. म्हणजे एक पेटी घेतली की ४० उरतात आणि दुसऱ्या पेटीला २० कमी पडतात. आकडे मुद्दाम तसे जुळवलेत, बँकेत बसणाऱ्याला हे लगेच कळतं. बटण दाबलं की चक्र फिरतं आणि सोनेरी बंदुकीच्या अगदी शेजारच्या घरावर येऊन थांबतं. पोराला वाटतं थोडक्यात हुकलं. खरं तर बटण दाबल्याबरोबर निकाल कंपनीच्या सर्व्हरवर लागलेला असतो, चक्र नंतर दाखवण्यापुरतं फिरवतात. कोपऱ्यात एक बारीक ‘आय’ आहे, त्यावर दाबून तीन पानं खाली गेल्यावर बंदुकीची शक्यता लिहिलेली होती, अर्धा टक्का. भाचा म्हणाला, “मामा, अर्धा टक्का म्हणजे दोनशे वेळा दाबलं की एकदा येणारच की.” मी कागद घेऊन त्याला दाखवलं की दोनशे वेळा दाबूनही ती न मिळण्याची शक्यता साधारण ३७ टक्के उरते. तो बराच वेळ कागदाकडे बघत बसला. हे गणित त्याच्या वयाच्या पोराला येत नाही, आणि ते येत नाही हे पेटी बनवणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

मग दाजींशी जुंपली. दाजी म्हणाले, “आम्ही लहानपणी जत्रेत नशिबाची पाकिटं फोडायचो, आम्ही नाही बिघडलो.” मी म्हटलं, “अहो दाजी, जत्रेतल्या पाकीटवाल्याला तुमचं नाव माहीत नव्हतं. तुमच्या खिशात दहा रुपये असायचे, ते संपले की तुम्ही घरी. हा गेम पोराच्या उशाशी झोपतो. दोन दिवस उघडला नाही की ‘तुझी ऑफर दोन तासांत संपतेय’ म्हणून उठवतो. आणि खिसा त्याचा नाही, तुमच्या दुकानाचा.” हाच जत्रेचा मुद्दा जून २०१९ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीसमोर फिफा हा फुटबॉलचा गेम काढणाऱ्या ईए कंपनीच्या प्रतिनिधींनीही मांडला होता. त्यांनी लूट बॉक्सला, म्हणजे अशाच पेट्यांना, ‘सरप्राइज मेकॅनिक्स’ (आश्चर्याची गंमत) म्हटलं आणि चॉकलेटच्या अंड्यात खेळणं निघतं त्याच्याशी तुलना केली. बेल्जियमच्या जुगार आयोगाला असलं काही पटलं नव्हतं. पैसे लावलेत, निकाल नशिबावर आहे, मग तो जुगारच, असं त्यांनी एप्रिल २०१८ मध्येच सांगितलं होतं आणि पुढे ईएला तिथे फिफाचे पॉइंट, म्हणजे त्या गेममधली पाकिटं घ्यायचं चलन, विकणं थांबवावं लागलं. जपानमध्ये तर २०१२ मध्येच, वेगवेगळ्या पेट्यांतल्या वस्तूंचा पूर्ण संच जमवला की मोठं बक्षीस देणारा ‘कोम्पू गाचा’ बंद करायला लावला होता.

दाजींचा दुसरा मुद्दा असा, की सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून रमीबिमी बंद केली, हा गेम वाईट असता तर तोही बंद केला असता. हा मुद्दा मी खूप जणांकडून ऐकतो, म्हणून सांगतो. त्या कायद्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर आहे. पेटीतून निघालेली बंदूक बाजारात विकून पैसे करता येत नाहीत, म्हणून अशी पेटी त्या व्याख्येत सहज बसत नाही. म्हणजे रमीत निदान कधीतरी हजार रुपये परत येण्याची आशा होती, इथे तीही नाही, आणि तरी हे कायदेशीर. नेदरलँड्समध्येही असंच झालं. तिथल्या यंत्रणेने ईएला एक कोटी युरोंचा दंड केला आणि मार्च २०२२ मध्ये वरच्या कोर्टाने तो रद्द केला, कारण पाकीट हा फुटबॉलच्या गेमचाच भाग आहे, स्वतंत्र जुगार नाही, असं कोर्टाचं म्हणणं पडलं. मला तो निकाल अजिबात पटत नाही.

आणि चोरीचं म्हणाल तर अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये फोर्टनाइटवाल्या एपिक गेम्सने फेडरल ट्रेड कमिशन या तिथल्या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी यंत्रणेबरोबरच्या तडजोडीत गिऱ्हाइकांना परत देण्यासाठी साडेचोवीस कोटी डॉलर मोजायचं मान्य केलं. आरोप असा होता की बटणं अशी ठेवली होती की चुकून एकदा दाबलं तरी पैसे जायचे, आईबापांच्या संमतीशिवाय पोरांच्या हातून खरेदी व्हायची, आणि पैशांबद्दल बँकेकडे तक्रार केली तर गेमचं खातंच बंद व्हायचं. जानेवारी २०२५ मध्ये गेन्शिन इम्पॅक्ट हा गेम चालवणाऱ्या कंपनीने दोन कोटी डॉलर भरले. तिथेही एका चलनातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं असा घोळ घालून पोरांपासून खरी किंमत लपवली, हा आरोप होता. एवढी शिकलेली माणसं पगार घेऊन दिवसरात्र जे जाळं विणतात, त्यात नववीतलं पोर अडकलं तर त्याला चोर म्हणायचं? मी दाजींना तोंडावर सांगितलं की चोर शोधायचाच असेल तर पासबुकात नाव छापलंय. पिन पोराच्या हवाली करून वर्षभर खातं न बघणाऱ्याने पोरावर हात उचलू नये, हेही सांगितलं. त्यावर ताई रडायला लागली आणि मी निघालो.

तुमच्याही घरी पैसे गेले असतील तर आधी अॅप स्टोअरकडे परतावा मागा. प्ले स्टोअरवर पहिल्या ४८ तासांत मागितला तर मिळण्याची शक्यता बरी असते. आमचे शेवटचे काही व्यवहार परत आले, जुने नाही आले. आपल्या करार कायद्यात १८ वर्षांखालच्याने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, १९०३ च्या मोहोरी बीबी खटल्यापासून हे ठरलेलं आहे. मी मेलमध्ये तेही लिहिलं. पण खातं आणि पिन बापाचे, म्हणून समोरून ‘व्यवहार सज्ञान व्यक्तीने केला’ असं उत्तर आलं. तरी तक्रार सोडू नका. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणाने १३ ‘डार्क पॅटर्न’ची, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवायच्या युक्त्यांची, यादी काढलीय, खोटी घाई करायला लावणं त्यात पहिल्या नंबरला आहे. ऑफर संपतेय म्हणणाऱ्या त्या घड्याळाचे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन लावा.

आता सगळेच गेम असे नसतात, हेही सांगायला हवं. फुकट गेम चालवायलाही खर्च येतो, आणि दिसण्यापुरते कपडे उघड किमतीला विकून कोणी तो काढत असेल तर माझी तक्रार नाही. एकदाच विकत घ्यायचा गेम मिळत असेल तर सगळ्यात उत्तम. झेंडल आणि केर्न्स या ब्रिटनमधल्या संशोधकांना २०१८ मध्ये आढळलं होतं की जुगाराची अडचण असलेले लोक पेट्यांवर जास्त खर्च करतात. पण पेटीमुळे जुगार लागतो की जुगारी माणूस पेटीकडे वळतो, हे त्यावरून ठरत नाही, तेव्हा तुमचा मुलगा उद्या जुगारी होईल असं काही मी म्हणत नाही.

५०० रुपयांचं म्हणाल तर ते खेळायच्या बुटांसाठी, पुस्तकांसाठी, कशासाठीही द्या. यूपीआयचा पिन आजच बदला, आणि तो बदलायला मुलाला सांगू नका. स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायची सेटिंग चालू करा. मग मुलाच्या शेजारी बसून तो बारीक ‘आय’ त्यालाच उघडायला लावा आणि शक्यता मोठ्याने वाचायला सांगा. माझा भाचा आता मित्रांना ते गणित करून दाखवतो. दाजी मात्र अजून म्हणतात, “मामाने लाडावलंय.”