एका कॅमेऱ्यावर चार चॅनेल? आधी वेळ ठरवा

तुम्ही चौघं स्ट्रिंगर (म्हणजे पगारावर नसलेले, बातमीमागे पैसे मिळणारे वार्ताहर) लोणंद ते फलटण माऊलींची पालखी एकाच कॅमेऱ्यावर करणार आणि खर्च कसा वाटायचा विचारताय. खर्चाचं जमतं हो. डिझेल, जेवण, डेटा, सगळं एका वहीत लिहा. बातमीचा खर्च वाटून घेणं जुनंच आहे. 1846 ला मेक्सिकोच्या युद्धासाठी न्यूयॉर्कच्या पेपरवाल्यांनी तेच केलं, त्यातूनच असोसिएटेड प्रेस उभी राहिली.

माझा घोळ दुसरीकडे झाला. ऑगस्ट 2019, सांगली. आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर, धोक्याची पातळी 45. बचावाच्या बोटीत पत्रकारासाठी जागा एकच. आम्ही तिघांनी ठरवलं, मी शूट करायचं, कच्चं फुटेज तिघांचं. (याला ‘पूल फीड’ म्हणतात. घरी सांगितलं तर म्हणाले, पुलावर जायला बंदी आहे ना?) पण कोणी किती वाजता चालवायचं, हे बोललोच नाही. नेट रांगत होतं, पहिली फाईल माझ्याच ऑफिसला गेली. उरलेल्या दोन अपलोड होईपर्यंत डेस्कने, म्हणजे ऑफिसात बसून बातम्या लावणाऱ्यांनी, कोपऱ्यात लोगो ठोकून ‘फक्त आमच्याकडे’ लावलंसुद्धा! पट्टी काढा म्हणून चारदा फोन केला. ‘वरिष्ठांशी बोला.’ वरिष्ठ मीटिंगमध्ये. त्या दोघांना वाटलं मीच गेम केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपापसात बोट ठरवली, मी काठावर. एकाशी अजून नुसता नमस्कार आहे.

म्हणून माझं मत (टीव्हीपुरतं, पेपरवाल्यांचं गणित वेगळं असेल): फीड चौघांना एकाच वेळी, अमुक वाजेपर्यंत कोणी चालवायचं नाही, ‘एक्सक्लुझिव्ह’ कोणीच लावायचं नाही, एवढं लिहून चारही डेस्ककडून ‘ओके’ घ्या. स्ट्रिंगरच्या शब्दाला ऑफिसात कोण विचारतंय? डेस्क नाही म्हणालं तर सरळ आपापले कॅमेरे घेऊन जा.

वाटेत चांदोबाच्या लिंबाला उभ्या रिंगणात अश्व तुमच्यासाठी परत धावणार नाहीत, तिथे एक कॅमेरा ठीक. बाकीच्या तिघांनी मात्र दिंड्यांत शिरून आपापले बाइट (लोकांची छोटी बोलणी) घ्यावेत. चारही चॅनेलवर तेच दिसलं तर उद्या डेस्कच म्हणेल, चौघं कशाला पाहिजेत?

आणि फाईलच्या नावात तारीख, ठिकाण घाला. माझी ती क्लिप दर पावसाळ्यात ‘आजचा पूर’ म्हणून व्हॉट्सॲपवर येते. कोपऱ्यात तोच लोगो.