बालकलाकारासाठी विश्वासू प्रतिनिधी कसा शोधावा आणि फसवणूक कशी ओळखावी?

तुम्ही लिहिले आहे की नाशिकच्या एका मॉलमध्ये भरलेल्या ‘टॅलेंट हंट’मध्ये तुमच्या आठ वर्षांच्या मुलीची निवड झाल्याचे सांगून एका संस्थेने २,००० रुपये नोंदणी शुल्क घेतले, आणि आता पोर्टफोलिओसाठी, म्हणजे मुलीच्या फोटोंच्या अल्बमसाठी, ४५,००० रुपये भरून तीन वर्षांच्या करारावर दोन दिवसांत सही करा, असा त्या संस्थेचा आग्रह आहे. माझा सल्ला स्पष्ट आहे: हे पैसे भरू नका आणि सहीही करू नका. मुंबईत जाहिराती आणि मालिकांसाठी बालकलाकार निवडण्याच्या कामात मी बरीच वर्षे घालवली आहेत आणि तुमच्यासारखेच प्रश्न घेऊन आलेले अनेक पालक पाहिले आहेत. म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

या व्यवसायात प्रामाणिक प्रतिनिधीचे उत्पन्न एकाच ठिकाणाहून येते, ते म्हणजे मुलाला मिळालेल्या कामाच्या मानधनातून. काम मिळाले, चित्रीकरण झाले, निर्मात्याकडून पैसे आले, की त्यातून ठरलेली टक्केवारी, साधारणतः १० ते २० टक्के, को-ऑर्डिनेटर, म्हणजे कलाकाराला काम मिळवून देणारा हा प्रतिनिधी, स्वतःकडे ठेवतो. काम मिळालेच नाही तर त्याला काहीच मिळत नाही, आणि म्हणूनच तो तुमच्या मुलीसाठी धडपड करतो. ज्या संस्थेला काम मिळण्याआधीच तुमच्याकडून ४५,००० रुपये मिळतात, तिला पुढे काम मिळवून देण्याची गरजच उरत नाही. तिचा धंदा मुलांना काम मिळवून देण्याचा नसून पालकांकडून पैसे घेण्याचा आहे. मग त्या रकमेला नोंदणी म्हणा, ग्रूमिंग म्हणा, आर्टिस्ट कार्ड म्हणा, कपड्यांची परत मिळणारी अनामत म्हणा किंवा कराराच्या मुद्रांक शुल्काचा खर्च म्हणा, त्याने काही फरक पडत नाही. कलाकारांची संघटना आपले सदस्यत्व देते, काम देत नाही, आणि तिचे शुल्क थेट तिच्याच कार्यालयात भरायचे असते; कोणा मध्यस्थाने विकलेल्या ‘कार्डा’वर कोणत्याही ऑडिशनचे दार उघडत नाही.

पोर्टफोलिओबद्दल तर मला मुद्दाम लिहायचे आहे, कारण सर्वांत जास्त पैसे तिथेच जातात. लहान मुलांचे चेहरे सहा महिन्यांत बदलतात. सहाव्या-सातव्या वर्षी पुढचे दुधाचे दात पडतात, मग मोठे दात येतात, केसांची लांबी बदलते, उंची वाढते. आज काढलेला महागडा अल्बम पुढच्या दिवाळीला निरुपयोगी ठरतो. आम्हाला मेकअप केलेला, झालरीचा फ्रॉक घातलेला, स्टुडिओच्या दिव्यांत उजळलेला चेहरा नकोच असतो. खिडकीजवळच्या उजेडात, साध्या भिंतीसमोर, एकरंगी टी-शर्टमध्ये मोबाइलवर काढलेले समोरचे, डाव्या-उजव्या बाजूचे आणि पूर्ण उंचीचे फोटो, आणि त्यासोबत एक छोटा व्हिडिओ, ज्यात मूल आपले नाव, वय, उंची, शहर आणि येत असलेल्या भाषा सांगते, दोन्ही बाजूंनी चेहरा दाखवते आणि आवडीच्या गोष्टीबद्दल मोकळेपणाने बोलते, एवढे पुरते. हे सर्व घरी, एकही रुपया न खर्चता होते. पालकांनी पाठ करून घेतलेले संवाद मूल म्हणते तेव्हा आम्हाला ते मूल दिसतच नाही, ही बाबही जाता जाता लक्षात ठेवा.

आता कोण कोणासाठी काम करतो, हे समजून घेतले तर बराच गोंधळ दूर होईल. कास्टिंग डायरेक्टर हा निर्मात्याचा माणूस असतो. त्याला निर्माता पैसे देतो आणि तो कलाकारांकडून काहीही घेत नाही. को-ऑर्डिनेटर किंवा टॅलेंट मॅनेजमेंट कंपनी ही कलाकाराची बाजू असते. जाहिरातीचे काम निघाले की कास्टिंगवाले को-ऑर्डिनेटरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘ब्रीफ’ टाकतात: मुलगी, सात ते नऊ वर्षे, अमुक उंची, चित्रीकरणाची तारीख, बजेट, जाहिरात कुठे आणि किती काळ दाखवणार, आणि त्याच प्रकारच्या दुसऱ्या उत्पादनाची जाहिरात केलेली नसावी. को-ऑर्डिनेटर मुलांचे फोटो पाठवतो, ऑडिशन होते, मग शॉर्टलिस्ट, पुन्हा एक फेरी, आणि शेवटी ‘लॉक’, म्हणजे अंतिम निवड. एवढ्या पायऱ्या असताना मॉलमध्ये पाच मिनिटे पाहून ‘निवड झाली’ असे कोणी म्हणत असेल, तर कशासाठी निवड झाली, हा प्रश्न विचारायला हवा. उत्पादन कोणते, निर्मितीसंस्था कोणती, चित्रीकरण कधी, या तिन्हींपैकी एकाचेही उत्तर मिळत नसेल तर निवड झालेलीच नाही.

विश्वासू माणूस शोधायचा तर जाहिराती वाचून शोधू नका. मालिका आणि चित्रपटांच्या श्रेयनामावलीत कास्टिंग करणाऱ्यांची नावे येतात. ती टिपून घ्या आणि त्यांच्या अधिकृत खात्यांवर येणारी आवाहने पाहा, कारण मोठ्या निर्मितीसंस्थांचे बोधचिन्ह लावून बनावट आवाहने पसरवणाऱ्यांची संख्या मोठी आहे. कोणी एखाद्या नामांकित संस्थेच्या वतीने बोलतो असे म्हणाला, तर त्याने दिलेल्या क्रमांकावर नव्हे, तर त्या संस्थेच्या संकेतस्थळावरील क्रमांकावर फोन करून खात्री करा. कंपनी असल्याचा दावा असेल तर कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिचे नाव आणि जीएसटी पोर्टलवर तिचा क्रमांक तपासता येतो. अर्थात कंपनी नोंदलेली असणे म्हणजे ती प्रामाणिक असणे नव्हे. एवढेच कळते की ती अस्तित्वात आहे आणि तिचा पत्ता काय आहे.

याहून उपयोगी चौकशी माणसांकडे होते. त्या को-ऑर्डिनेटरने गेल्या वर्षभरात ज्या मुलांना काम मिळवून दिले, त्यांच्यापैकी तीन-चार पालकांशी बोलायचे आहे असे त्याला सांगा. खरा माणूस पालकांना विचारून क्रमांक देईल; खोटा माणूस गोपनीयतेचे कारण पुढे करील किंवा चिडेल. त्या पालकांना एकच गोष्ट खोदून विचारा: पैसे किती दिवसांनी आले आणि ठरल्याइतकेच आले का? मालिकांचे मानधन ९० दिवसांनी येणे या व्यवसायात नेहमीचे आहे, तेव्हा उशीर म्हणजे लगेच फसवणूक असे समजू नका. पण निर्मात्याने किती दिले हे न सांगता हातावर काही रक्कम टेकवणारा को-ऑर्डिनेटर टाळा. वर्सोव्याच्या आरामनगरमध्ये ऑडिशनसाठी बाहेर ताटकळणारे पालक एकमेकांना जी माहिती देतात, तिच्याइतकी खरी माहिती कुठल्याही संकेतस्थळावर मिळत नाही. आणि तुमच्या मुलीला अभिनयाची खरोखर आवड असेल तर नाशिकमधल्या बालनाट्याच्या मंडळींकडे तिला आधी पाठवा, असे मी आग्रहाने सांगेन. सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या राज्य बालनाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या संस्था, त्यांचे दिग्दर्शक आणि तिथे येणारे परीक्षक यांच्यापैकी अनेकांची मालिका-चित्रपटांच्या क्षेत्रात ओळख असते. त्यांनी सुचवलेले नाव आणि मॉलमधल्या टेबलावरचे नाव यांत फार मोठे अंतर आहे. शिवाय मुलीला रंगमंचावर उभे राहायला आवडते की नाही, हेही तिथे कमी खर्चात कळते.

कायदा हीदेखील प्रतिनिधीची पारख करण्याची चांगली कसोटी आहे. १९८६च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार चौदा वर्षांखालील मुलांना कामाला लावण्यास बंदी आहे, मात्र शिक्षणात अडथळा न येता आणि ठरवून दिलेल्या अटी पाळून चित्रपट, मालिका, जाहिरातींत काम करण्याची सवलत आहे. २०१७च्या नियमांत त्या अटी दिल्या आहेत. मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते. चित्रीकरण ज्या जिल्ह्यात होणार तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने घ्यावी लागते, आणि तिच्यासोबत पालकांची संमती जोडावी लागते. म्हणजे गोरेगावच्या चित्रनगरीतले काम मुंबई उपनगर जिल्ह्यात आणि घोडबंदर रस्त्यावरच्या स्टुडिओतले काम ठाणे जिल्ह्यात मोडते. मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकणे बंधनकारक आहे आणि ती रक्कम तो सज्ञान झाल्यावर त्याला मिळते. तुमच्यासमोर बसलेल्या प्रतिनिधीला विचारा की परवानगीची कागदपत्रे कोण करते आणि मुदत ठेवीची व्यवस्था कशी होते. ज्याने खरोखर मुलांची कामे केली आहेत तो थांबून नीट सांगेल. ‘ते सगळे आम्ही बघून घेतो’ एवढेच उत्तर मिळाले तर उठून या.

कराराबाबत माझे मत असे की सुरुवातीला एकाच संस्थेशी बांधून घेणारा करार करूच नये. जाहिरातींच्या क्षेत्रात एकाच मुलाचे फोटो अनेक को-ऑर्डिनेटरांकडे असणे ही सर्वमान्य रीत आहे. ज्याच्याकडून काम आले, त्याला त्या कामाची टक्केवारी. मुलाला नियमित कामे मिळू लागली, तारखांची ओढाताण सुरू झाली, की मग एका मॅनेजमेंट कंपनीचा विचार करावा, आणि तोही एका वर्षापुरता. १८७२च्या भारतीय करार कायद्यानुसार अल्पवयीन व्यक्ती करार करण्यास पात्र नसते, म्हणून सही पालकाची घेतली जाते. साहजिकच करार मोडल्यास अमुक लाख दंड असे कलम असेल तर त्याचा दबाव तुमच्यावर येतो. टक्केवारी फक्त त्या संस्थेने आणलेल्या कामावर आहे की तुम्ही स्वतः मिळवलेल्या कामावरही, करार संपल्यानंतर ती चालू राहते का, किती दिवसांच्या सूचनेने बाहेर पडता येते आणि जाहिरातीचा वापर किती काळ व कोणत्या माध्यमांत होणार हे तुम्हाला लेखी कळणार का, हे चार मुद्दे वकिलाकडून तपासून घ्या. तुमच्या वतीने सह्या करण्याचे कुलमुखत्यारपत्र कोणालाही देऊ नका. मानधन मुलीच्या नावाच्या खात्यात जमा व्हावे आणि तिचे स्वतःचे पॅन कार्ड असावे, कारण मुलाने आपल्या कौशल्यावर मिळवलेले उत्पन्न करासाठी पालकांच्या उत्पन्नात मिळवले जात नाही आणि कापलेला टीडीएसही त्याच्याच नावावर दिसला पाहिजे.

पैशांची फसवणूक भरून निघते. दुसऱ्या एका धोक्याची भरपाई होत नाही, म्हणून याबाबत कोणतीही सवलत देऊ नका. ऑडिशन, लूक टेस्ट, कपड्यांची चाचणी, चित्रीकरण या प्रत्येक वेळी तुम्ही किंवा घरातले मोठे माणूस मुलगी नजरेत राहील अशा ठिकाणी असलेच पाहिजे. हॉटेलच्या खोलीत किंवा कोणाच्या घरी ऑडिशन असेल तर जाऊ नका. पोहण्याच्या कपड्यांतले किंवा अपुऱ्या कपड्यांतले फोटो, व्हिडिओ कॉलवर ‘बॉडी चेक’, मुलीशी एकटीने बोलण्याची मागणी, यांपैकी काहीही घडले तर ते संभाषण जपून ठेवा आणि पोलिसांकडे किंवा १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर कळवा; मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२च्या पोक्सो कायद्याखाली असे वर्तन गंभीर गुन्हा ठरू शकते.

नाशिकमध्ये राहून हे सर्व कसे जमेल, ही तुमची शंका योग्य आहे. पहिली फेरी आता बहुतेक वेळा घरून पाठवलेल्या व्हिडिओवर होते. जाहिरातीचे काम एक-दोन दिवसांचे असते. पंचवटी एक्स्प्रेसने येऊन ऑडिशन देऊन परतणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. मालिकेतली मुख्य भूमिका मात्र महिन्यातले बरेच दिवस मागते आणि त्यासाठी आई-वडिलांपैकी एकाला मुंबईत किंवा ठाण्यात राहावे लागते, तेव्हा शाळेशी बोलल्याशिवाय अशा भूमिकेला होकार देऊ नका.

राहिला प्रश्न गेलेल्या २,००० रुपयांचा. त्या संस्थेला आज लेखी कळवा की करार करायचा नाही, शुल्क परत करावे आणि मुलीचे फोटो व माहिती काढून टाकावी. पावती, जाहिरातीचे पत्रक, मेसेज आणि ऑनलाइन दिले असल्यास व्यवहाराचा क्रमांक एकत्र ठेवा. पैसे ऑनलाइन गेले असतील आणि संस्था बनावट असल्याचा संशय असेल तर बँकेला कळवून १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. संस्था खरी असून पैसे परत करत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोला. त्यानेही काम झाले नाही तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे संस्थेचे कार्यालय मुंबईत असले तरी तुमची तक्रार नाशिकमध्येच दाखल होईल.