ओली भिंत आणि कुजलेली तुळई

प्रश्न : राजापूर तालुक्यात आमचे जांभ्या चिऱ्याचे जुने कौलारू घर आहे. काही वर्षांपूर्वी भिंतींना सिमेंटचा गिलावा करून आतून ऑइलपेंट दिला. तेव्हापासून दर पावसाळ्यात माजघरात काळी बुरशी येते, आणि माळ्याच्या तुळयांची भिंतीत बसवलेली टोके खिळा सहज आत जाईल इतकी मऊ झाली आहेत. ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने भिंत धुऊन पुन्हा ऑइलपेंट लावावा, असे रंगारी सांगतो. तसे करावे का?

उत्तर : करू नये. बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात आणि ते घरातून कायमचे घालवणे कोणालाच शक्य नसते. आपल्या हाती असते ते पाणी. लाकडातील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या 20 टक्क्यांहून कमी राहिला, तर लाकूड कुजवणारी बुरशी त्यात वाढत नाही. तो 28-30 टक्क्यांवर जाऊन तसाच टिकला, की मात्र ती लाकडाचे तंतू खाऊ लागते. चिरा सच्छिद्र असल्यामुळे पावसाचे आणि जमिनीचे पाणी शोषून घेतो, आणि चुन्याच्या गिलाव्यातून ते कोरड्या दिवसांत बाहेर पडते. सिमेंट आणि ऑइलपेंट यांनी ही वाट अडवली, बारीक तड्यांतून पाणी मात्र आत येतच राहिले, आणि भिंतीत अडकलेली तुळयांची टोके वर्षभर ओली राहू लागली. ब्लीचने पृष्ठभागावरचा काळा डाग फिका होईल, पण सच्छिद्र लाकडाच्या आतील बुरशीपर्यंत ते पोहोचत नाही.

म्हणून आधी फुटकी कौले बदलावीत, पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर जाईल असा जमिनीला उतार द्यावा, आणि पाऊस संपल्यावर सिमेंटचा गिलावा काढून भिंत एक पूर्ण उन्हाळा उघडी वाळू द्यावी. त्यानंतरच चुन्याचा गिलावा आणि सफेदी करावी. ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असल्याने आरंभी तोही बुरशीला थोपवतो.

तुळयांकडे मात्र तत्काळ लक्ष द्यावे, कारण त्यांच्यावर माळ्याचा भार आहे. आधी टेकू लावून घ्यावा, मग जाणत्या सुताराकडून टोचून पाहून, मऊ भागाच्या पुढे निरोगी लाकडातही थोडे आत जाऊन टोक कापावे. नवा जोड सागाच्या गाभ्याचा असावा, कारण सागाचाही बाहेरचा फिकट थर कुजतो. भिंतीतील खाचेत टोकाभोवती हवा खेळेल एवढी मोकळी जागा ठेवावी. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे प्रसिद्ध लाकूडरक्षक मिश्रण सोंती कामेसम यांनी 1933 मध्ये डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत शोधले, ही आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट आहे. तथापि त्यात आर्सेनिक असल्यामुळे राहत्या घरात मी ते सुचवणार नाही. बोरिक ॲसिड आणि टाकणखार यांचे द्रावण येथे पुरेसे आहे. ते पाण्याने धुऊन जाते, त्यामुळे पावसात भिजणाऱ्या लाकडाला त्याचा उपयोग नाही, आणि लहान मुलांच्या हाती ते लागू देऊ नये.

काळी बुरशी खरवडताना ती आधी ओली करावी, नाकातोंडावर मास्क बांधावा, आणि ब्लीचिंग पावडरमध्ये शौचालय धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.