वडिलांच्या जुन्या कर्जाचं पत्र अचानक आलंय. थोडे पैसे भरून विषय मिटवावा का?

तुम्ही लिहिलंय ते असं: वडिलांनी 2012 मध्ये निपाणीतल्या किराणा दुकानासाठी एका खासगी फायनान्सकडून विनातारण कर्ज काढलं, 2014 नंतर हप्ता गेला नाही, 2019 मध्ये वडील वारले. आणि आता कुठल्याशा वसुली कंपनीचं कन्नडमधलं पत्र आलंय, व्याजासकट 2 लाख 80 हजार भरा म्हणून. फोनवरचा माणूस म्हणतो, ‘आज पाच हजार टाका, एका कागदावर सही करा, पुढचं मी बघतो.’

पाच हजार टाकू नका. त्या कागदावर सही तर मुळीच करू नका. मी बेळगावात वकिलांच्या ऑफिसात कारकुनी करतो. अशी पत्रं घेऊन येणारी बरीच माणसं सही करून मगच येतात, म्हणून एवढं ठासून सांगतोय.

अशा कर्जाच्या वसुलीसाठी कोर्टात दावा घालायला साधारण तीन वर्षांची मुदत असते (1963 चा मुदतीचा कायदा). शेवटचा हप्ता 2014 चा असेल आणि त्यानंतर कुणी काही लिहून दिलं नसेल, तर ती मुदत कधीच संपली. कर्ज कागदावर राहतं, पण कोर्टातून वसूल करायचा रस्ता बंद होतो. कोविडच्या काळातली 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 ही मुदत सुप्रीम कोर्टानं हिशेबातून वगळली होती, पण तुमची त्याच्या आधीच संपलेली, त्यामुळं त्याचा इथं संबंध नाही.

मग त्यांना सही कशाला हवी? कराराच्या कायद्यात (1872, कलम 25) असं आहे की मुदत गेलेलं कर्जही ‘फेडीन’ असं कुणी सहीनिशी लिहून दिलं, तर तो नवा करार ठरतो आणि त्यावर दावा चालतो. पाच हजारांच्या पावतीसोबत जो ‘सेटलमेंट फॉर्म’ पुढं करतात, त्यात नेमकं हेच वाक्य असतं, बारीक अक्षरात, आणि आपल्याकडं बहुधा कन्नड नाहीतर इंग्रजीत. मराठी शाळेत शिकलेला माणूस रकमेचा आकडा तेवढा वाचतो आणि सही ठोकतो. मुदत गेल्यावर नुसते पैसे भरल्यानं ती परत सुरू होत नाही हे खरं, पण भरलेले पैसे परतही मिळत नाहीत. मुदत चालू असताना सहीनिशी भरणा केला, तर मात्र तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजतात.

आता दोन गोष्टी आधी तपासा, कारण इथंच उत्तर बदलू शकतं. एक, वडिलांवर पूर्वीच दावा होऊन एकतर्फी डिक्री (ते हजर नसताना झालेला कोर्टाचा वसुलीचा हुकूम) झालेली नाही ना? डिक्री असेल तर ती बजावायला 12 वर्षं मिळतात. ई-कोर्ट्सच्या साइटवर वडिलांचं नाव टाकून फुकट शोधता येतं. नावाचं स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून बघा. दुसरं, हे कर्ज खरंच फायनान्सचं की सोसायटीचं? आपल्या सीमाभागात बहुराज्य क्रेडिट सोसायट्या भरपूर, आणि त्यांच्या कायद्यात सभासदाकडच्या येण्याची मुदत तो वारला किंवा त्याचं सभासदत्व सुटलं त्या तारखेपासून मोजतात. शिवाय प्रकरण लवादापुढं, म्हणजे कोर्टाऐवजी निवाडा करायला नेमलेल्या माणसापुढं, जातं. तसं निघालं तर माझा वरचा हिशेब धरू नका, कागद घेऊन वकिलांकडं जा.

तुमची स्वतःची जबाबदारी किती? त्या कर्जाला तुम्ही जामीन नसाल, तर वडिलांची जेवढी मिळकत तुमच्याकडं आली तेवढ्यापुरतीच. तुमचा पगार, तुम्ही घेतलेलं घर यावर त्यांना हात टाकता येत नाही. ‘तुमचा सिबिल खराब करू’ ही धमकीही पोकळ. वडिलांचं कर्ज तुमच्या नावावर चढत नाही.

पत्र ओळखीच्या कन्नड येणाऱ्याकडून शब्दन् शब्द वाचून घ्या. पाकीट फेकू नका, त्यावरचा पोस्टाचा शिक्का कामाला येतो. मग लेखी उत्तर द्या, फोनवर काहीही कबूल करू नका. उत्तर एवढंच पुरे: ‘तुमचं अमुक तारखेचं पत्र मिळालं. त्यातलं येणं मला मान्य नाही. कर्जाचा मूळ करार, पूर्ण खातेउतारा आणि हे कर्ज तुमच्याकडं आल्याचा दस्त यांच्या प्रती पाठवाव्यात. हे येणं मुदतबाह्य आहे. माझे सर्व हक्क राखून हे लिहीत आहे.’ ‘वडिलांनी घेतलं होतं, पण सध्या अडचण आहे’ असलं एक वाक्यही नको. स्पीड पोस्टानं पोच घेऊन पाठवा, पावती आणि पत्राची झेरॉक्स एकत्र जपा.

लोकअदालतीची नोटीस आली तर घाबरू नका, तिथं तडजोड करायलाच पाहिजे अशी सक्ती नाही. पण तिथं केलेली सही डिक्रीसारखीच, आणि त्यावर अपील नाही. कोर्टाचं समन्स मात्र वेगळं. ते आलं की तारखेला हजर राहायचंच आणि मुदतीचा मुद्दा मांडायचा. न जाता राहिलात तर एकतर्फी निकाल लागू शकतो.

वडिलांचं कर्ज मनाला लागत असेल आणि फेडायचंच असेल, तर जरूर फेडा, मला त्यात आदरच आहे. फक्त आधी कागद बघून, मुद्दलाच्या आसपास आकडा ठरवून, एकरकमी, बँकेतून, आणि ‘काहीही येणं बाकी नाही’ असा दाखला हातात पडणार असेल तरच.

कुणी दारात येऊन बसलं, शिवीगाळ केली, शेजाऱ्यांना सांगत फिरलं, तर व्हिडिओ काढा आणि पोलिसांत लेखी तक्रार द्या. वसुलीचे फोन सकाळी 8 च्या आत आणि संध्याकाळी 7 नंतर करायचे नाहीत असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तेव्हा अवेळी आलेल्या फोनांचे स्क्रीनशॉट ठेवा.

आईंच्या नावानंही पत्र आलं असेल तर त्यांचं उत्तर वेगळं द्या. महिलेला उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चानं वकील मिळतो. बेळगावात जिल्हा कायदे सेवा प्राधिकरणात किंवा तुमच्या तालुक्याच्या कोर्टातल्या कायदे सेवा समितीत अर्ज करा. जाताना आधार कार्ड, ते पत्र पाकिटासकट आणि वडिलांचा मृत्यूचा दाखला बरोबर ठेवा.