सौजन्याने दिलेली लुगडी परत कशी मागायची?

प्रश्न: आम्ही सोलापूरचे, तीन पिढ्या मागावर काम केलेलं घर. आजोबांनी जमवलेली इरकली लुगडी, मागावर नक्षी विणायला लागणारी जेकार्डची भोकांची कार्डं, धोटे, हिशेबाच्या वह्या आणि काही जुनी तैलचित्रं सांभाळण्यासाठी वडिलांनी १९९४ साली सार्वजनिक ट्रस्ट नोंदवला. २००९ मध्ये ट्रस्टचे अध्यक्ष म्हणून त्यांनी ६२ वस्तू एका सार्वजनिक संग्रहालयाला ‘प्रदर्शन व अभ्यासासाठी’ दिल्या. कागद एकच, ट्रस्टच्या लेटरहेडवरचं पत्र आणि खाली पोच. मुदत लिहिलेली नाही. २०१९ मध्ये वडील वारले. आता त्याच संग्रहालयाने आणखी ४० वस्तू ‘कायमस्वरूपी उसनवारीवर’ मागितल्या आहेत. फोनवर जुन्या वस्तूंचा विषय काढला तेव्हा तिथले नवे अधिकारी म्हणाले, त्या आमच्याकडे भेट म्हणून नोंदलेल्या आहेत. धाकटा भाऊही विश्वस्त आहे. तो म्हणतो, घरी वाळवी लागण्यापेक्षा तिथेच राहू देत. आईला तिच्या सासूबाईंची लुगडी परत हवी आहेत. काय करावं?

उत्तर: संग्रहालयाला अजून एकही पत्र पाठवू नका. तुमचा संताप मला कळतो, पण या प्रकरणात पहिल्या पत्राची भाषा फार महत्त्वाची ठरणार आहे. मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद ७० प्रमाणे ठेवायला दिलेली जंगम वस्तू परत मिळवण्याच्या दाव्याला तीन वर्षं मिळतात, आणि ती मोजतात मागणीनंतर आलेल्या नकारापासून. तुम्ही फोनवर चौकशी केलीत, मागणी केली नाहीत. त्यामुळे मुदत अजून सुरूच झालेली नाही, ही आपली बाजू. समोरचे वकील ती २००९ पासून किंवा वडिलांच्या मृत्यूपासून मोजायला बघतील. म्हणूनच घाई करायची नाही, आणि उगाच वर्षं घालवायचीही नाहीत.

संग्रहालयाचं म्हणणं बाजूला ठेवून आधी घरातलाच एक प्रश्न सोडवा. त्या ६२ वस्तू ट्रस्टच्या होत्या की वडिलांच्या? तुम्ही दोन्ही एकच धरून चालला आहात. धर्मादाय कार्यालयातून ट्रस्टच्या परिशिष्ट १ चा उतारा काढा आणि जंगम मालमत्तेच्या रकान्यात काय लिहिलंय ते पाहा. बऱ्याच घरगुती ट्रस्टांमध्ये तिथे सुरुवातीची थोडी रोख रक्कम तेवढी दिसते आणि खरा संग्रह कागदावर कधी चढतच नाही. तसं असेल तर जुने ताळेबंद, विश्वस्तांचे ठराव, ट्रस्टच्या करारपत्राला जोडलेली यादी, असं जे हाती लागेल ते गोळा करा.

या एका उत्तरावर पुढचं सगळं अवलंबून आहे. वस्तू ट्रस्टच्या असतील तर वडिलांना त्या एकट्याने भेट देण्याचा अधिकारच नव्हता. ते अध्यक्ष असले तरी विश्वस्तच होते. विश्वस्ताला दुसऱ्यासाठी सांभाळायची वस्तू एका सहीनिशी देऊन टाकता येत नाही. ठराव नसेल तर ‘भेट’ ही नोंद फार काळ टिकणार नाही. पण वस्तू वडिलांच्या स्वतःच्या असतील तर त्यांना भेट देता येत होती, आणि मग तुमची बाजू थोडी नाजूक होते. शिवाय करार कायदा, १८७२ च्या कलम १६२ नुसार विनामोबदला दिलेल्या वस्तूचा व्यवहार देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपतो. तेव्हा २०१९ नंतर हक्क सगळ्या वारसांचा, म्हणजे आई आणि बहिणी असल्यास त्यांचाही. बहिणींचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. असतील तर त्यांना आजच सांगा.

आता भेट की उसनं. अधिकारी अगदीच निराधार बोलत नाहीत, हे मान्य करायला हवं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे जंगम वस्तूची भेट नोंदणी न करता, नुसता ताबा देऊनही पूर्ण होते, आणि ताबा तर वडिलांनी दिला होता. परंतु ताबा दिला म्हणजे मालकी दिली असं होत नाही. मालकी सोडण्याचा इरादा दिसावा लागतो, आणि भेट मिळाली असं जो म्हणतो त्याने ती सिद्ध करायची असते. ‘प्रदर्शन व अभ्यासासाठी’ या शब्दांत हेतू सांगितलाय आणि हेतूपुरतं दिलेलं हेतू सरल्यावर परत यायचं असतं. करार कायद्याचं कलम १४८ नेमकं हेच सांगतं. वकील मंडळी याला बेलमेंट म्हणतात. आपल्याकडे लग्नघरी शेजारून आणलेल्या घंगाळाचा जो नियम, तोच हा. आणि कलम १५९ प्रमाणे फुकट वापरायला दिलेली वस्तू देणारा केव्हाही परत मागू शकतो. मात्र घेणाऱ्याने तिच्या भरवशावर काही उभारलं असेल आणि अवेळी परत केल्याने त्याचं नुकसान त्याला झालेल्या फायद्याहून जास्त होत असेल, तर तो फरक भरून द्यावा लागतो. म्हणून चालू प्रदर्शनाच्या मधोमध मागणी करू नका.

तुमचा सगळ्यात चांगला पुरावा कदाचित संग्रहालयाच्या भिंतीवरच असेल. वस्तूखालच्या पाटीवर ‘अमुक ट्रस्टच्या सौजन्याने’ असं लिहिलं असेल तर तिकीट काढून साध्या प्रेक्षकासारखे जा आणि परवानगी असेल तर पाटीसकट फोटो काढा. स्वतःच्या मालकीच्या वस्तूखाली कुणी दुसऱ्याचं सौजन्य लिहीत नाही. त्या वर्षांतली त्यांची पत्रं, निमंत्रणपत्रिका, माहितीपुस्तिकाही शोधा. ‘आपल्या वस्तू’ एवढे दोन शब्द जरी कुठे सापडले तरी पुष्कळ.

यानंतर माहितीचा अधिकार. २००५ च्या कायद्याखाली साधा अर्ज करा आणि तीनच गोष्टी मागा: त्या ६२ वस्तूंच्या दाखल नोंदवहीच्या पानांच्या प्रमाणित प्रती, भेट स्वीकारल्याचा ठराव किंवा आदेश, आणि वस्तूंच्या सद्यस्थितीचे अहवाल. उत्तराची मुदत ३० दिवस. नोंद कोणत्या तारखेला, कोणत्या शाईत, कुणाच्या सहीने झाली ते कळेल. २००९ ची नोंद आणि नंतर कधीतरी घातलेली नोंद यांत फार अंतर असतं.

मागणीपत्र त्यानंतर, सर्व विश्वस्तांच्या सहीने. इथे एक अडचण मला आत्ताच दिसते आहे. वडील गेल्यानंतर चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची धर्मादाय कार्यालयाला द्यायची माहिती, दाखल केलात का? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे असा बदल ९० दिवसांत कळवावा लागतो. तो राहून गेला असेल तर उशिराच्या माफीच्या अर्जासह लगेच दाखल करा. नाहीतर पहिल्याच उत्तरात तुम्हाला विचारतील, मागणारे तुम्ही कोण?

संग्रहालय कोणाच्या अखत्यारीत आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. राज्य शासनाचं असेल तर दाव्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते. महापालिकेचं असेल तर महापालिका अधिनियमाच्या कलम ४८७ ची एक महिन्याची नोटीस. त्याच कलमात दावा सहा महिन्यांत लावण्याची अट आहे. ती इथे लागू होते की नाही यावर वाद घालता येईल, पण तो वाद घालण्याची वेळ येऊ देऊ नका. लेखी नकार आला की तीन वर्षं विसरा आणि सहा महिनेच धरा. दावा नुकसानभरपाईचा न लावता वस्तूच परत मागण्याचा लावायचा. विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ च्या कलम ७ आणि ८ मध्ये त्याची सोय आहे, कारण आजोबांनी जमवलेल्या लुगड्याची भरपाई पैशाने होत नाही.

तरीही मी तुम्हाला कोर्टात पाठवायला उत्सुक नाही. तुमच्या भावाचं म्हणणं खोटं नाही. सोलापुरात एकेक गिरणी बंद होत गेली तेव्हा जेकार्डची कार्डं रद्दीच्या भावाने जाताना मी पाहिली आहेत. चिमणी लांबूनही दिसते, पण तिच्या पायथ्याशी काय विणलं जायचं हे दाखवणाऱ्या वस्तू फार थोड्या उरल्यात. त्या लोकांना पाहायला मिळाव्यात असं मला मनापासून वाटतं. म्हणून ४० वस्तूंच्या नव्या मागणीकडे तुम्ही ओझं म्हणून बघू नये. तुमच्या हातातला पत्ता तोच आहे. त्यांना सांगा, नव्या वस्तूंबद्दल बोलू, पण एकच करार होईल आणि त्यात जुन्या ६२ वस्तूंची मालकी ट्रस्टची असल्याचं पहिल्याच ओळीत असेल.

त्या करारात ‘कायमस्वरूपी उसनवारी’ हा शब्द येऊ देऊ नका. उसनं कायमचं नसतं. वर्षांचा आकडा लिहा. स्पेनने १९८८ मध्ये थिसेन-बोर्नेमिसा हा खासगी चित्रसंग्रह साडेनऊ वर्षांच्या उसनवारीवर घेतला, माद्रिदला १९९२ मध्ये संग्रहालय उघडलं आणि १९९३ मध्ये ३५ कोटी डॉलरला तो विकतच घेतला. मुदत ठरलेली असल्यामुळे दोन्ही बाजूंना पुढचा सौदा करता आला. लिस्बनची गोष्ट उलटी आहे. तिथल्या उद्योगपती बेरार्दो यांच्या संग्रहातल्या ८६२ कलाकृती २००६ च्या कराराने सरकारी सांस्कृतिक केंद्राकडे आल्या आणि २०१९ मध्ये मालकाने बँकांकडून घेतलेल्या कर्जापायी कोर्टाने त्यांवर जप्ती आणली. देणाऱ्याची देणी संग्रहालयाच्या दारात येऊ शकतात. ट्रस्टवर कर्ज नाही, वस्तू तारण नाहीत, असं तुम्ही लिहून द्या, म्हणजे तुमच्या अटी मागायलाही तोंड राहील.

अटी कोणत्या? सगळ्यात जास्त वेळ कापडावर घालवा. करार कायद्याचं कलम १५१ घेणाऱ्याकडून साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढीच काळजी मागतं, आणि साधारण शहाणा माणूस लुगडं घडी घालून कपाटात ठेवतो. जुन्या रेशमाला घडी म्हणजे काही वर्षांत चीर. तेव्हा गुंडाळी करून ठेवणं, उजेड ५० लक्सच्या आत, सलग काही महिन्यांपेक्षा जास्त मांडायचं नाही, पिनांनी टोचायचं नाही, हे शब्दांत लिहा. देताना आणि घेताना प्रत्येक वस्तूचा फोटोसह स्थितीअहवाल, दोघांच्या सहीचा. विमा भिंतीवरून उतरवल्यापासून परत भिंतीवर लागेपर्यंतचा, ठरवलेल्या किमतीचा, हप्ता संग्रहालयाचा. लाकडी सामानाला कीड असेल तर ती तुम्हीही लपवू नका, कलम १५० प्रमाणे माहीत असलेला दोष सांगणं देणाऱ्यावर बंधनकारक आहे. फोटो छापणं आणि त्यांची विक्री यासाठी वेगळी परवानगी ठेवा.

तैलचित्रं १०० वर्षांहून जुनी असतील तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली त्यांची नोंदणी झाली आहे का ते पाहा. नोंदलेल्या वस्तूचा ताबा बदलला तरी नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं लागतं. हस्तलिखितांना तोच कायदा ७५ वर्षांची अट लावतो, त्यामुळे आजोबांच्या वह्यांच्या तारखाही तपासून ठेवा.

शेवटी आईंचं. सासूबाईंची लुगडी त्यांच्या अंगावरची, स्वतःची असतील तर ती ना ट्रस्टची, ना एकट्या वडिलांची. ती सासूबाईंच्या वारसांची. म्हणून ६२ च्या यादीत त्यांचा वेगळा गट करा आणि मागणीपत्रातही वेगळा परिच्छेद. संग्रहालयाने बाकी सगळं ठेवून घ्यायचं म्हटलं तरी एवढ्यापुरतं ते ऐकतील असं मला वाटतं. फोटो नसतील तर आईंजवळ वही घेऊन बसा. कोणत्या लुगड्याचा काठ कसा, पदराला कुठे रफू केलंय, कोणतं कुठल्या लग्नात नेसलं होतं, त्या सांगतील तसं लिहून घ्या, खाली तारीख घाला आणि त्यांची सही घ्या. वकिलाकडे यायच्या आधी हे काम करा.